दोरा गनीभाईंचा

गनीभाई तार गुंडाळत असले की त्यांच्याशी बोलायचं नाही, ही आळेफाट्यावर मला मिळालेली पहिली सूचना. दिली ती खुद्द गनीभाईंनी, आणि तीही न बोलता. त्यांच्या दुकानावरची खोली मी भाड्यानं घेतली होती आणि मालकानं किल्ली त्यांच्याकडे ठेवली होती. दारात उभी राहून मी म्हणाले, "अहो मिस्त्री, किल्ली." त्यांनी मान वर केली नाही, नुसतं डाव्या हाताचं एक बोट उभं केलं. उजव्या हातानं लाकडी साच्यावर तांब्याची तार गुंडाळणं चालूच होतं. ओठ हलत होते. मी शाळेतली बाई. बोट दाखवून गप्प करायचं काम माझं, दुसऱ्या कुणी माझ्यावर ते केलेलं मला कसं खपणार? मी पुन्हा म्हणाले, "किल्ली देताय ना?"

गनीभाई थांबले. साच्यावरची सगळी तार त्यांनी उलटी फिरवून उलगडली, रिळावर परत घेतली, मग उठून किल्ली हातात दिली.

"आकडा चुकला बाई. आता पयल्यापासनं."

"तार गुंडाळायच्या यंत्राला वेढे मोजायचं काहीतरी असतं ना?"

"हाय की. पन ते नुसतं मोजतं. ध्यान न्हाई देत."

गनीभाई मूळचे जुन्नरचे. आळेफाट्याला चौकापासून थोडं पुढे, गॅरेजांच्या रांगेत त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. पिंपरी पेंढारपासून बोरीपर्यंतच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे येत. मोटार खोलायची, आतली काळी पडलेली तार काढायची, नवी भरायची. अंगाला कायम व्हार्निशचा वास. उंची बेताची, बोटं मात्र लांब आणि एखाद्या पेटीवाल्यासारखी हलकी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी शमीम जुन्नरला दिलेली. दुपारची नमाज चुकवायचे नाहीत आणि समोरच्या बबनरावांच्या हॉटेलातला चारचा चहाही चुकवायचे नाहीत. बबनराव हे त्यांचे एकमेव मित्र आणि एकमेव टीकाकार.

त्यांची झाडं मी दुसऱ्या दिवशी पाहिली. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तर कठड्याच्या कडेनं पन्नासेक पसरट कुंड्या मांडलेल्या. त्यात हातभर उंचीची झाडं. पण रोपं नव्हेत, पुरती म्हातारी झाडं. वीतभर चिंचेला भेगाळलेली साल. एक उंबर, त्याच्या खोडालाच तीन उंबरं लागलेली. हिवर, पायर, पळस, करवंद. प्रत्येक कुंडीवर मोटारीचा जुना पत्रा ठोकलेला आणि त्याच्या उलट्या बाजूला ठशांनी एकेक अक्षर ठोकून लिहिलेलं: चिंच, पिंपरी पेंढार. हिवर, राजुरी. करवंद, नाणेघाट. शाळेच्या हजेरीपटासारखं सगळं, नाव आणि गाव.

ज्या तारेनं ते फांद्यांना वळण देत, ती जळालेल्या मोटारीतलीच. सकाळी दुकानामागं पिंपात ती जुनी तार जाळायची, काजळी पुसायची, की तांबं दोऱ्यासारखं मऊ. "जळाल्याबिगर तांबं वाकत न्हाई," असं ते म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्यात मोठा अर्थ दिसला आणि मी मान डोलावली. त्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं. त्यांना फक्त तांब्याबद्दल बोलायचं होतं.

मला त्यांची थट्टा करायची खोड लागली. एकदा मी म्हणाले, "गनीभाई, झाडाला असं उपाशी ठेवलं की पाप लागतं म्हणतात."

"उपाशी? शेंगदान्याची पेंड खात्यात ती, म्हैन्याला. तुमी वर्गात पोरान्ला बाकावर बसवता, ती काय उपाशी असत्यात का? मापात बसत्यात."

"पण ती मोठी होतात."

"मग ह्यी बी व्हत्यात की. नुसती उंच न्हाई व्हत."

परदेशी झाड त्यांना चालत नसे. पुण्याच्या एका पाहुण्यानं हौसेनं त्यांना तुळतुळीत पानांचं कुठलंसं चिनी झाड आणून दिलं. गनीभाईंनी त्याला पाणी घातलं, चार दिवस पाहुणचार केला आणि बबनरावांच्या गल्ल्याशेजारी नेऊन ठेवलं. "झाड वाईट न्हाई," म्हणाले, "पन त्याचं गाव मला म्हाईत न्हाई. मी त्याच्याशी काय बोलू?"

या सगळ्यांत एक वड होता. कुंडी इतरांहून मोठी, पत्र्यावर एकच शब्द: बोरी. खोड मनगटाएवढं, पारंब्या सुतासारख्या. डाव्या अंगाला एक फांदी फार खाली आलेली, इतकी की झाड एका बाजूनं वाकून कुणाचं तरी ऐकतंय असं वाटे. मी एकदा म्हटलंही, "ही फांदी काही बरी नाही दिसत." गनीभाई हसले आणि पाणी घालत राहिले. त्या फांदीची हकिकत त्यांनी मला सांगितली नाही. पुढं फार उशिरा ती बबनरावांकडून कळली. पण वाचणाऱ्याला ती आत्ताच सांगायला हवी, म्हणजे मी काय करून बसले ते कळेल.

गनीभाईंचे वडील कल्हईवाले. भाता, कथील आणि नवसागराची पिशवी घेऊन गावोगाव हिंडायचे. बोरीच्या रस्त्याला वळणावर मोठा वड होता, त्याची एक फांदी खाली आलेली. वडील आले की पहिल्यांदा पिशवी त्या फांदीला अडकवायचे, मग भट्टीसाठी खड्डा खणायचे, मग "कल्हईऽऽ" अशी हाळी द्यायचे. बायका भांडी घेऊन यायच्या. लहानगा गनी भाता मारायचा. रस्ता रुंद झाला तेव्हा तो वड गेला. गनीभाई तिथं पोचले तोवर खोडाचे ओंडके ट्रकमध्ये चढले होते. त्यांनी ढिगातली अंगठ्याएवढी एक काडी उचलून आणली आणि लावली. ती जगली. मग वीस वर्षं, होय वीस, ते त्या झाडाची एक फांदी तारेनं, दोऱ्यानं, दगड बांधून खाली आणत होते. वडिलांचा एकही फोटो नव्हता. होती ती एवढी फांदीच.

बबनरावांच्या आग्रहाला बळी पडून एकदा तो वड पुण्याच्या बोन्साय प्रदर्शनात गेला होता म्हणे. एसटीत मांडीवर घेऊन. तिथल्या परीक्षकांनी फिरून फिरून पाहिलं, वा वा केली आणि कुठली शैली म्हणून विचारलं. "बोरीच्या वळनाची," गनीभाई म्हणाले. परीक्षक म्हणाले, झाड पहिल्या नंबराचं आहे, फक्त ही खालची फांदी तोल बिघडवते, ती काढून टाका. गनीभाईंनी कुंडी उचलली.

"काढली तर बाप पिशवी कुटं अडकवंल?" एवढं बोलून ते जी गाडी मिळाली तिनं परत आले. बबनराव हे सांगताना अजून चिडायचे. "पयला नंबर, बाई! पयला! न् ह्यो गडी कुंडी घिऊन एसटीत!"

त्या वर्षी शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. आमचे हे बियाण्यांच्या कंपनीत, मोटरसायकलवर चार तालुके हिंडायचे. एका दुपारी फोन आला की नारायणगावच्या बाजारात छातीत कळ येऊन ते पडले. मी जिना कशी उतरले आठवत नाही. खाली गनीभाई साच्यावर तार गुंडाळत होते, ओठ हलत होते. मी नुसतं "गनीभाई" म्हणाले. बोट वर आलं नाही. त्यांनी साचा तसाच सोडला, वेढे सुटून जमिनीवर पसरले, आणि ते रस्त्यावर जाऊन एका पिकअपला आडवे झाले. त्या गाडीतून नारायणगाव, तिथून पुणं. दवाखान्याच्या जिन्यावर ते माझ्याबरोबर दोन दिवस बसून होते.

ऑपरेशन झालं. पण ह्यांना शुद्ध धड येईना, ताप उतरेना. चौथ्या का पाचव्या दिवशी मी कपडे आणि कागदपत्रं न्यायला आळेफाट्याला आले. तो दिवस वटपौर्णिमेचा. चौकात बायका बादलीत खोचलेल्या वडाच्या डहाळीला सूत गुंडाळत होत्या. दरवर्षी मी त्यांना हसायचे. शिक्षकांच्या खोलीत या विषयावर मी केलेलं भाषण प्रसिद्ध होतं. नवऱ्याचं आयुष्य दोऱ्यानं वाढत असेल तर कापडगिरणीतली माणसं अमर व्हायला हवीत, असं त्यात एक वाक्य होतं आणि त्याला हशा मिळायचा.

गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले आणि वड दिसला. आजूबाजूला कुणी नव्हतं. खाली आले. दुकान उघडं, गनीभाई नमाजला गेलेले. दाराशी खिळ्याला दोऱ्याचं रीळ लटकत होतं. मी हातभर म्हणता म्हणता बराच लांब दोरा तोडून घेतला, वर गेले आणि सात वेढे घातले. खोडाला आणि त्या खाली आलेल्या फांदीच्या बेचक्यातून, कारण तिथं दोरा घसरत नव्हता. मग गाठ मारली. एकीवर एक, तीन. भीती वाटत होती तेवढी घट्ट. मागितलं काय ते सांगत नाही. कुणालाही कळेल.

पूजेचं सूत कच्चं असतं. दिवाळीपर्यंत कुजून गळून जातं, झाडाला काही होत नाही. मी घेतलेला दोरा मोटारीतली वेटोळी बांधायचा. मोटार तापो, भिजो, तो कुजत नाही, तुटत नाही, सैल पडत नाही. त्यासाठीच तर तो करतात. आळेफाट्यावरच्या कुणालाही हे ठाऊक असतं. मी मात्र त्याच दुकानावर राहून भूगोल शिकवत होते.

आमचे हे वाचले. ताप उतरला, आठ दिवसांनी माणसं ओळखू लागले, पंधरवड्यानं माझ्या हातच्या मऊ भाताला नावं ठेवू लागले. डॉक्टरांनी वर्षभर जपायला सांगितलं. सासर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावला. मी तिकडं बदली मागितली आणि ती चक्क मिळाली. सामान नेलं, दोन पेट्या गनीभाईंच्या दुकानात राहिल्या. आणि त्या दोऱ्याचं मी साफ विसरले. लाज वाटते लिहायला, पण खरं तेच आहे. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण फळ्यावर लिहून मी मुलांकडून वाक्यात उपयोग करून घेतला असेल शंभरदा.

दोन वर्षांनी पेट्या न्यायला गेले. गनीभाईंची नजर अधू झाली होती, तारेचा आकडा आता डोळ्यांपेक्षा बोटांवर चालायचा. ह्यांची चौकशी केली, शेवया दिल्या. मी म्हटलं, झाडं बघून येते. ते म्हणाले, "नगा आता, ऊन लई हाय." मी ऐकते थोडीच.

वड जागेवर नव्हता. पाण्याच्या टाकीमागं, भिंतीकडं तोंड करून ठेवलेला सापडला. दोरा खोडात रुतून दिसेनासा झाला होता, नुसता एक खोल वळ. वळाच्या वरचं खोड सुजून फुगलेलं, आणि त्या सुजेतून बोटभर तांबूस मुळ्या बाहेर लोंबत होत्या. खालची फांदी वाळलेली. पूर्ण. साल सुटलेली.

गनीभाई माझ्यामागं हळूहळू जिना चढून आले होते.

"अहो, हे कापलं का नाही तुम्ही? दिसलं नव्हतं का?"

"दुसऱ्या दिवशी सकाळीच दिसलं की. माझाच दोरा, वळखनार न्हाई व्हय?"

"मग?"

"दोरा माझा, बाई. गाठ माझी न्हाई." त्यांनी कठड्याला हात टेकला. "कुनाच्या तरी मानसासाठी मारलेली गाठ. मी ब्लेड लावायचं, न् तिकडं काय झालं म्हंजी?"

"पण हे बरे झाले! मला फोन तरी करायचा."

"काय म्हनू फोनवर? नवऱ्याचा दोरा सोडायला या म्हनू?" ते हसले. "म्हनलं, येतील आठवल्यावर."

मी नखांनी गाठ शोधली. ती सालीच्या आत गेली होती. शेवटी त्यांनी खिशातून पातं काढून माझ्या हातात दिलं. स्वतः धरलं नाही. मी साल उकलून एकेक वेढा तोडला. सातही. माझे हात चिकानं भरले, आणि गनीभाई शेजारी उभे राहून, सवयीनं असेल, ओठांतल्या ओठांत मोजत होते.

खाली बबनरावांनी चहा दिला आणि वडिलांच्या पिशवीची, प्रदर्शनाची, सगळी हकिकत सांगितली. "म्या रोज बोंबलायचो, काप राव, काप! फांदी पिवळी पडाया लागली तसा भांडलो त्याच्याशी. त्यानं काय करावं? कुंडी उचलली न् टाकीमागं निऊन ठिवली, मला दिसू नये म्हनून." मी चहा अर्धाच ठेवून उठले. परत वर जायचं धैर्य झालं नाही. पेट्या घेतल्या आणि घोडेगावची गाडी पकडली. मंचरपर्यंत रडत होते, शेजारची बाई विचारत होती, माहेर सुटलं का. मी हो म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात गनीभाई आमच्या दारात उभे. कापडी पिशवीत तो वड. म्हणजे वळाच्या वरचा अर्धा, त्याच नव्या मुळ्यांवर वेगळा केलेला. "तुमच्या दोऱ्यानं गुटी कलम बांधलं गेलं, बाई. येकाची दोन झाडं झाली. ह्ये तुमचं." ह्यांनी त्यांना वाकून नमस्कार केला तर ते अवघडून मागं सरले. मी माफी मागायला लागले, फांदीबद्दल, वडिलांबद्दल. त्यांनी ते बोट उभं केलं. पहिल्या दिवसाचंच बोट.

"बाप लई ठिकानी बसायचा. येका फांदीला थोडाच अडकला व्हता?"

जाताना म्हणाले, "ह्येला कुंडीत ठिवू नका. भुईत लावा. ह्येला कुनाचं माप न्हाई द्यायचं."

लावला. आज तो आमच्या कौलांच्या वर गेला आहे आणि हे सकाळी त्याच्याखाली खुर्ची टाकून पेपर वाचतात.

बाप एका फांदीला अडकला नव्हता, हे मी खरं धरून चालले होते. मग गनीभाईंनी दुकान बंद केलं, झाडं ज्या त्या गावच्या माणसांना देऊन टाकली आणि ते जुन्नरला शमीमकडे राहायला गेले. गेल्या आषाढात मी भेटायला गेले. डोळे जवळजवळ गेलेले. मागच्या अंगणात, ओट्यावर, एकच कुंडी होती. पत्र्यावर "बोरी". खालचं थोटकं खोड, त्याला नवी पानं फुटलेली, आणि ती वाळकी फांदी. अजून जागेवर. तिच्यावरची तारसुद्धा काढलेली नव्हती. पिशवीची जागा त्यांनी एवढी वर्षं जपून ठेवली होती, आणि मला सांगितलं होतं की बाप लई ठिकाणी बसायचा.

वाळक्या फांदीच्या जरा खाली एक नवा हिरवा फुटवा आला होता. गनीभाईंनी तो बोटांनी चाचपून मला दाखवला.

"ह्यो खाली घ्यायचा हाय. माझी बोटं थरथरत्यात आता. तुमी बांधा."

"मी? गनीभाई, मला नका सांगू."

"तुमची गाठ पक्की बसती बाई. मला अनुभव हाय."

शमीम दारातून हसली. मग मीही. त्यांनी उशाच्या डब्यातून दोरा काढून दिला. तोच दोरा. मी फुटव्याखाली फडक्याची घडी घातली, त्यांनी सांगितलं तशी हळूहळू फांदी खाली ओढली, "आनिक... आनिक... बास," आणि कुंडीच्या काठाला बांधली. त्यांनी गाठ चाचपली. मान हलवली. ऐंशीच्या घरातला माणूस, वीस वर्षांचं काम पहिल्यापासून धरत होता. आकडा चुकला, आता पयल्यापासनं.

निघताना ते दारापर्यंत आले. मी गल्लीच्या वळणाशी पोचले तरी उभेच होते, मी दिसत नसतानाही माझ्या दिशेला बघत.

"दिवाळीनंतर सोडायला या," त्यांनी हाक देऊन सांगितलं. "इसरू नका हां!"

दिवाळीच्या आधी आठ दिवस ते गेले. बबनरावांचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते, माती मिळाली नाही.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी जुन्नर गाठलं. कुंडी ओट्यावर तशीच होती, पाणी घातलेलं. शमीम म्हणाली, "शेजारचे म्हनाले दोरा काढा, सुकंल. म्या हात न्हाई लावू दिला. अब्बांनी सांगून ठिवलं व्हतं, बाई येनार हायेत."

गाठ सालीत गेली नव्हती. मी ती नखांनी सोडवली. दोरा सुटला आणि फांदी वर उसळेल म्हणून मी खाली हात धरून थांबले.

ती उसळली नाही. होती तिथंच राहिली, पिशवी अडकवता येईल इतकी खाली.